रात्रपाळीची वही

आयटीआयच्या फिटर ट्रेडला मुलगा येतो तो दहावी पास होऊन. दोन वर्षांत तो कानशीने लोखंड काटकोनात आणतो, व्हर्निअर वाचतो, ड्रॉइंगवरून जॉब काढतो. शिल्पनिदेशक म्हणून अशी कितीतरी मुलं माझ्या हाताखालून गेली. ‘हल्लीच्या पोरांना काही येत नाही’ असं कुणी सरसकट म्हणालं की मला राग येतो.

देगलूरकडचा एक मुलगा आठवतो. घरी मराठी, बाजारात तेलुगू, सीमेपलीकडच्या पाहुण्यांशी कानडी, मित्रांत हिंदी. जनगणनेत मातृभाषेखेरीज दोनच भाषा नोंदवतात, म्हणजे याची एक तिथेच गळणार! यंत्राचं दुखणं तो आवाजावरून ओळखायचा. ‘सर, बेअरिंग जातंय. हात लावून बघा, गरम लागतंय.’ चाकणला एका मुलाखतीत त्याला इंग्रजीतून स्वतःविषयी बोलायला सांगितलं. तो गप्प राहिला. बेअरिंगचं कुणी विचारलंच नाही.

इंग्रजी हवंच. मॅन्युअल इंग्रजीत असतं, सीएनसीच्या पडद्यावर अलार्म इंग्रजीत येतो. पण त्याला लागणारे शब्द मोजके. मशीनपाशी उभं राहून ते शिकवता येतात.

खरी उणीव मराठीतही आहे आणि तिकडे कुणाचं लक्ष नाही. कारखान्यात रात्रपाळी संपताना पोराने वहीत लिहिलेलं असतं, ‘मशीन बंद पडलं, चालू केलं.’ बस्स. कशाने बंद पडलं, काय बदललं, पुढच्या पाळीने कुठे नजर ठेवायची, हे तोच पोरगा तोंडी बिनचूक सांगतो. शाळेत त्याने पावसाळ्यावर निबंध लिहिले. बिघाडाची नोंद त्याच्याकडून कुणी कधी लिहून घेतली नाही. मग त्याचं ज्ञान त्याच्याबरोबरच घरी जातं आणि सकाळचा माणूस पुन्हा पहिल्यापासून शोधत बसतो.

2024 साली महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तिकडे जायचं तर जर्मन शिकावं लागतं, ए-वनपासून पायरीपायरीने. म्हणजे भाषा हे कामाचंच हत्यार आहे, हे आपल्याला पटतं. चाकणला जाणाऱ्या पोरालाही ते हत्यार मिळायला हवं. आयटीआयच्या वेळापत्रकात ‘एम्प्लॉयबिलिटी स्किल्स’चे तास आहेतच. त्या तासाला पोरांपुढे एक बंद पडलेलं ड्रिल मशीन ठेवावं, काय झालंय ते आधी मराठीत लिहून घ्यावं, मग इंग्रजीत.