ठिपक्याचं बिऱ्हाड

ठिपक्या आमच्याकडे आला तेव्हा पाण्यात होता. मानेच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांचे झुपके आणि चपटी शेपटी. मग कल्ले आक्रसत गेले, अंगावर पिवळे ठिपके उमटले आणि स्वारी पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेऊ लागली. आता जमिनीवरचं घर हवं होतं.

ठिपक्या म्हणजे टायगर सॅलॅमँडर, आमच्या इलिनॉयचा अधिकृत राज्य-उभयचर. इथल्या पोरांना नाव ठाऊक असतं, पण रानात पाहिलेला असतो क्वचित कुणी. कारण हा बहुतेक काळ जमिनीखालीच राहतो. म्हणून त्याच्या घरात महत्त्वाची ती माती. लेकाने काचेची टाकी तळघरात मांडली. पंधरा ते वीस अंश याला मानवतं, उन्हाळ्यात पारा त्याच्या फार वर गेला तर जिवावर बेततं. सरड्यांना लागतो तसला उबेचा दिवा इथे नको. खडीही नको, भक्ष्याबरोबर खडा गिळला तर आतडं तुंबतं. खत-औषध न घातलेली माती आणि कोकोपीट, चांगलं वीतभर. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी मारायचं, कारण हा प्राणी तोंडाने नाही, कातडीने पाणी पितो.

सासूबाई तेव्हा दापोलीहून आल्या होत्या. कोकोपीटची वीट बादलीत फुगताना बघून म्हणाल्या, "अगो, हा तर नारळाच्या सोडणाचा भुसा! याला पैसे मोजलेत?"

घर इतकं फक्कड जमलं की ठिपक्या दिसेनासाच झाला. पाहुण्यांना आम्ही कौतुकाने मातीची टाकी दाखवायचो. प्राणी बघायला पाळायचा असेल तर हा पाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रात्री मात्र लाकडाच्या सालीखालून रुंद डोकं बाहेर यायचं, गांडुळावर झडप पडायची, दोन गचके आणि पुन्हा अंतर्धान. हात लावायचा नाही. आपल्या हाताचं मीठही त्या ओल्या कातडीला बाधतं.

लेक कॉलेजला गेला आणि ठिपक्या, फ्रिजमधल्या गांडुळांच्या डब्यासकट, माझ्या गळ्यात आला. सासूबाई फोनवर नातवाच्या आधी त्याची चौकशी करायच्या. तो म्हातारा होऊन गेल्याचं सांगितलं तेव्हा हळहळल्या, आणि मग म्हणाल्या, "ते सोडण फेकू नकोस हो, झाडांना घाल."