किंचाळली की पुढचा, कण्हली की मागचा!

खरं सांगू? वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत माझ्या डाव्या पायाला गाडीवर काही कामच नव्हतं. पुण्यातलं कॉलेज, पहिली नोकरी, सगळं बिनगिअरच्या स्कूटरवर. रेस दिली की पळायचं, ब्रेक दाबला की थांबायचं. फंडा एकदम क्लिअर!

मग रांजणगाव एमआयडीसीत जॉब मिळाला. धाकट्या भावाला स्कूटर देऊन मी घरी आले. घर कंपनीपासून आठ किलोमीटरवर. त्याच वर्षी अण्णांना पॅरालिसिसचा झटका आला. बोलणं शाबूत, उजवी बाजू शाबूत. डावा हात आणि डावा पाय मात्र ढिला. आता मोटरसायकलवर डाव्या हाताला काय असतं? क्लच. डाव्या पायाला? गिअर. झटक्यानं नेमकं तेवढंच नेलं.

अण्णांची स्प्लेंडर पडवीत चादरीखाली उभी राहिली. गिऱ्हाईकही आलं. मी म्हटलं, ''विकू नका, मी शिकते.'' गिअरच्या गाडीचं लायसन्स वेगळं. लर्निंग काढल्यावर पक्क्यासाठी किमान 30 दिवस थांबावं लागतं. अण्णा म्हणाले, ''महिना देतो. आली तर तुझी, नाही तर त्याची.''

मी जास्त शहाणी. आधी ऑफिसातल्या मित्राच्या पल्सरवर पार्किंगमध्ये दोन धडे घेतले. पहिला गिअर खाली, बाकीचे वर. सोप्पं! रविवारी चुलतभावानं अण्णांना एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर आणलं, मोरीच्या कठड्यावर बसवलं. मी पहिला टाकला, गाडी निघाली. दुसऱ्यासाठी ऐटीत पंजानं गिअर वर उचलला... आणि इंजिन बोंबलायला लागलं, गाडी मात्र ढिम्म! न्यूट्रल पडला होता. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढून खालीच दाबायचे असतात, हे मला कोण सांगणार? अण्णा कठड्यावर पोट धरून हसत होते. झटक्यानंतर पहिल्यांदा.

मग खरी शाळा सुरू झाली. इंजिन आपलं फिरतच असतं. क्लच दाबला की त्याचा आणि गिअरबॉक्सचा संबंध सुटतो. सोडताना मध्ये एक जागा येते, तिथे गाडी हळूच 'धरते'. ती जागा सापडेपर्यंत मी अठरा वेळा गाडी बंद पाडली. पहिल्या गिअरला ताकद जास्त, वेग कमी, चौथ्याला उलटं. म्हणून तिसऱ्यात गाडी उठवायला गेलं की ती आचके देते.

मी मनात आकडे मोजायचे: आत्ता दुसरा की तिसरा? अण्णा ओरडले, ''अगं, मोजतेस कशाला? आवाज ऐक! किंचाळली की पुढचा टाक, कण्हली की मागचा.''

त्यांना पन्नास पावलांवरून माझा चुकलेला गिअर कळायचा. मला गाडीवर बसून कळत नव्हता!

तिसऱ्या आठवड्यात संकष्टी आली. महागणपतीच्या देवळाकडे वळायला गर्दी, नगर रोडवर मागे ट्रेलर, आणि मी तिसऱ्यातच थांबून क्लच सोडला. गाडी बंद. ट्रेलरचा भोंगा थेट पोटात. हात थरथरले. पण कानात अण्णा होते. क्लच दाबला, टाचेनं मागचा, पुन्हा मागचा, पुन्हा मागचा... हिरवा दिवा! किक. पहिला. निघाले. घरी पोचल्यावर फक्त म्हटलं, ''आज गर्दी होती.'' अण्णा म्हणाले, ''मग? बंद पडली असेल.''

लायसन्स झालं. गिऱ्हाईकाला चहा पाजून परत पाठवलं.

डॉक्टरांनी हो म्हटल्यावर पहिल्यांदा अण्णांना मागे बसवलं. दोघांनाही हेल्मेट, त्यांचा उजवा हात माझ्या कमरेला घट्ट. एमआयडीसीचा तोच रस्ता. दुसऱ्यात गाडी किंचाळायला लागली, आणि मी पाय हलवायच्या आधीच मागच्या फुटरेस्टवर काहीतरी घासल्याचं जाणवलं.

अण्णांचा डावा पंजा. अर्धवट, पण दाबत होता.

मी तिसरा टाकला.

''बरोबर,'' मागून आवाज आला. ''पण उशिरा.''