पलीकडचा तीर

पहिल्या तारखेला पगार झाला, की माझ्यासारख्या मास्तराच्या मनात प्रवासाचे बेत उसळू लागतात. आणि दहा तारखेला वाण्याचे बिल आले, की ते निमूट खाली बसतात! अशा वेळी मला गो. नी. दांडेकरांचा भारी हेवा वाटतो. १९१६ साली परतवाड्यास जन्मलेला हा मुलगा तेराव्या वर्षी शाळा सोडून बाहेर पडला. पुढे त्याने पायी नर्मदा-परिक्रमा केली, तिच्यातून १९५७ साली ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही कादंबरी उतरली. सह्याद्रीचे किल्ले तर त्याने पुनःपुन्हा पालथे घातले, आणि तळेगावी बिऱ्हाड करून लेखणीवर संसार चालवला.

परिक्रमेचा नेम मोठा कडक. नर्मदामाई उजव्या हाताला ठेवायची, भिक्षा मिळेल ती गोड मानायची, आणि पात्र म्हणून ओलांडायचे नाही. स्वतंत्र लेखकाचा धर्म तरी याहून काय निराळा? पलीकडे नोकरीचा तीर सारखा दिसत असतो. तिथे पगार आहे, पेन्शन आहे. पण ओलांडायचे नाही! आणि अशा घरात जी चूल पेटती ठेवते, तिचीही परिक्रमा तीच, फक्त अनवाणी.

मी त्या पलीकडच्या तीरावरचा माणूस. तिथूनच हात जोडतो.