करंजाडीला गाडी थांबली

रात्री दीडच्या सुमारास गाडी थांबली. बाहेर धो धो पाऊस. दाराशी बसलेलं कुणीतरी म्हणालं, "करंजाडी." इथं आमचा थांबा नव्हता, पण क्रॉसिंग असेल म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही. रोह्यापासून वीरपर्यंतचा मार्ग दुहेरी झाला, तरी पुढे एकेरीच. समोरची गाडी धडधडत जाते, मग आपली हलते, हे कोकणातल्या माणसाला ठाऊक असतं. त्या रात्री समोरून काहीच आलं नाही. तासाभरानं बातमी डब्यात शिरली : पुढे रुळांवर माती आली आहे.

उजाडलं की चतुर्थी. समोरच्या आजोबांनी मृदंग दुपट्यात गुंडाळून लेकरासारखा कुशीत धरला होता. वाडीच्या भजनाला तेवढा एकच, मुंबईहून नवी शाई भरून आणलेला. थोड्या थोड्या वेळानं ते गाठ सोडत, शाईवर पालथा हात टेकवून ओल लागली नाही ना ते पाहत, आणि पुन्हा गाठ मारत. डबा गच्च होता, पण त्या मृदंगाला कुणाचा पाय लागला नाही.

पहाटे घरी फोन लागला. आये म्हणाली, "घाय करू नको. गणपती वाट बगता."

पाचच्या सुमारास मी फलाटावर उतरलो. रुळांवरून टॉर्चचा उजेड डुलत येत होता. गस्तीचा ट्रॅकमन. अंगात रेनकोट असून चिंब. दिव्याच्या खांबाखाली उभं राहून त्यानं बुटांतलं पाणी ओतलं, मोजे पिळले आणि तेच पुन्हा चढवले. गाव विचारलं तर म्हणाला, संगमेश्वर. त्याच्याही घरी गणपती. रजा नव्हती. "यंदा पोरगा पूजेला बसेल," एवढं सांगून तो पुढच्या कटिंगकडे चालू लागला.

कोकण रेल्वेचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ पासून सलग सुरू झाला. नव्वदहून अधिक बोगदे, त्यातला करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. डोंगर कापून रूळ नेले, पण पाऊस मुरला की कापलेला डोंगर सुटतो. म्हणून पावसाळ्यात वेळापत्रक वेगळं, वेग कमी आणि धोक्याच्या जागी रात्रंदिवस गस्त. जुलै २०२४ मध्ये याच टापूत, दिवाणखवटीजवळ, दरड येऊन सुमारे २४ तास मार्ग बंद राहिला होता. माणसं एसटीनं पुढे गेली, कुणी परत फिरली.

थांबण्याचा राग मलाही यायचा. पण आमच्या घरात 'रामदास' बोटीचं नाव अजून हलक्या आवाजात घेतात. १७ जुलै १९४७ ला, गटारीच्या तोंडावर, ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वादळात बुडाली. ६०० हून अधिक माणसं गेली. सणासाठी घराकडे निघालेली, हातात आमच्यासारखीच बोचकी असलेली. त्या सकाळी कुणीतरी बोट धक्क्यालाच धरून ठेवायला हवी होती. त्या पहाटे फलाटावर मला हेच आठवत राहिलं. गाडी थांबवणारा माणूस मला तेव्हापासून घरचा वाटतो.

सहा वाजता सिग्नल मिळाला. जिथं माती आली होती तिथून गाडी अगदी पावलापावलानं गेली. कडेला फावडी टेकून माणसं उभी होती, गुडघ्यापर्यंत लाल. आजोबांनी मृदंग खाली न ठेवताच त्यांना हात जोडले. डब्यात त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही.

संगमेश्वर मागे पडलं तेव्हा नऊ वाजत आले होते. तिथं कुठल्याशा घरात एक पोरगा सोवळं नेसत असेल.

कुडाळला उतरलो साडेबाराला, पाच तास उशिरा. घरी पोचलो तर भटजी पडवीत बसून होते, दादा दारात. गणपतीवरची माटवी बांधून झाली होती. गणपतीच्या तोंडावरचा रुमाल अजून काढलेला नव्हता.