छऱ्याची पारख

आमचं जुनं घर माळवदाचं होतं. दोन-अडीच हात रुंद मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, तुळयांवर मातीचा जाड थर. चैत्र-वैशाखात आत गारवा असायचा. पण त्या गारव्याला माणसांपेक्षा घुशीच जास्त सोकावल्या होत्या. घूस म्हणजे नुसता थोरला उंदीर असं शहरातल्या माणसाला वाटतं. चांगली पोसलेली घूस किलोभर भरते आणि तिच्यापुढं मांजर नुसतं बघत बसतं, अंगावर जात नाही.

मंगळवेढ्याकडचं आमचं काळं रान. रब्बीला मालदांडी जोंधळा. सुगी झाली की पोत्यांची थप्पी माजघरात लागायची आणि तिच्यावर वर्ष काढायचं. बहात्तरच्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. तेव्हा मिलोच्या भाकरी खाल्लेल्या माझ्या आईला पुढं जन्मभर जोंधळ्याचा दाणा पायाखाली आलेला चालला नाही. उचलायची, पदराला पुसायची आणि जात्याजवळच्या डब्यात टाकायची. अशा बाईच्या घरात सकाळी पोतं हलवावं तर बूड कुरतडलेलं आणि दाण्यांची रांग थेट बिळाच्या तोंडापर्यंत! आई काही बोलायची नाही, खाली बसून दाणे वेचायची. ते बघवत नसे.

पिंजरा लावून झाला. पहिल्या रात्री एक सापडली, पुढं महिनाभर एकही फिरकली नाही. मग वस्तीवर कुणीतरी झिंक फॉस्फाईड भरड्यात कालवून ठेवलं. घुशी मेल्या, पण मेलेली घूस तोंडात धरून आमचा राखणीचा कुत्राही गेला. आबांनी त्याला बांधाच्या लिंबाखाली पुरलं आणि घरात सांगितलं, "औषधाची पुडी या उंबऱ्याच्या आत यायची न्हाई."

मग आली छऱ्याची बंदूक. आमच्या चुलत्यांनी सोलापूरहून आणली. नळी मोडून मागून छरा भरायची, स्प्रिंगची. पहिल्याच आठवड्यात त्यांनी घुशीला छरा घातला. घूस ओरडली, उडाली आणि भिंतीत गेली. तीन दिवसांनी वास सुटला. बारा दिवस त्यांच्याकडं कुणी जेवायला बसेना. शेवटी भिंत फोडून मेलेली घूस काढली आणि नवा गिलावा केला. आबा म्हणाले, "जीव घ्यायचा तर एका दमात घ्यावा. जमत नसंल तर बंदूक खुंटीला लावा." चुलत्यांनी ती खुंटीला लावली. पुढं ती माझ्याकडं आली.

चुलत्यांचा नेम वाईट नव्हता. गोफणीनं ताटाच्या शेंड्यावरची पाखरं उठवणारा माणूस तो. त्यांच्याच बंदुकीनं मी वीस हातांवरून कागदावर छरे मारून बघितले तर एक डावीकडं, एक खाली, एक कुठं गेला तेच कळेना. बंदूक तीच, हात तोच, मग हे कशानं? हे कोडं सोडवलं जत्रेतल्या फुगेवाल्यानं. फळीला फुगे लावून पैशाला चार छरे मारू द्यायचा तो. मी विचारलं, "मामा, तुमच्या बंदुकीनंबी नेम लागत न्हाई." हसून म्हणाला, "लेका, माझी सरळ मारायला लागली तर मी खाऊ काय?" पण माणूस दिलाचा होता. दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यानं मला छरा ओळखायला शिकवला.

आपल्याकडं बिनपरवान्याच्या बंदुकीचा छरा ४.५ मिलिमीटरचा. आकार डमरूसारखा: पुढं डोकं, मधे बारीक कंबर, मागं पोकळ परकर. हा परकरच महत्त्वाचा. मागून हवेचा दाब आला की तो फुलतो, नळीतल्या वळणदार खाचांना चिकटतो आणि छरा स्वतःभोवती फिरत बाहेर पडतो. भोवऱ्यासारखा फिरतो म्हणून सरळ जातो. परकर दबलेला असला तर हवा एका बाजूनं निसटते आणि छरा झोकांड्या खात जातो. शिसं मऊ, डबा एकदा हातातून पडला की आतले निम्मे छरे परकर वाकवून बसतात.

मामानं आरसा तिरपा धरला आणि एकेक छरा त्यावर सोडला. डोकं आणि परकर सारखे नसल्यानं चांगला छरासुद्धा सरळ घरंगळत नाही, वळण घेऊन जातो. पण ते वळण गुळगुळीत पाहिजे. लडखडला की बाजूला काढायचा. मग नळीत बसवून बघायचा. आपल्या वजनानं सुळकन आत गेला तर सैल, नखानं रेटूनही जाईना तर घट्ट. अंगठ्याच्या हलक्या दाबानं बसला पाहिजे. डब्यावर ४.५० किंवा ४.५२ लिहिलेलं असतं, ते डोक्याचं माप. मिलिमीटरचा पन्नासावा भाग म्हणजे काय, असं वाटतं. पण नळीला तेवढं कळतं. त्या काळी जुने लोक छरे गालात धरून एकेक काढून भरायचे. तेवढं करू नका. शिसं पोटात जाऊ नये, हात धुतल्याशिवाय भाकरीला लावू नयेत.

पुढं मी तीन जातींचे छरे आणले: चपट्या तोंडाचे, गोल डोक्याचे आणि टोकदार. दुकानदार टोकदारच गळ्यात मारत होता. "आत घुसतो बघा," म्हणाला. आता घुसण्याआधी तो लागला पाहिजे, एवढं दहावी शिकलेल्यालाही कळतं. एवढंसं टोक प्रत्येक छऱ्याला बरोबर मध्यावर येणं अवघड, आणि ते डब्यात ठेचतंही.

परसात मातीनं भरलेली पेटी ठेवली, मागं पेंडीची थप्पी. मुलांच्या जुन्या वह्यांच्या पाठकोऱ्या पानांवर रुपया ठेवून गोल काढले. वीस हात अंतर, म्हणजे तीस फूट. वारा पडलेला, सकाळची वेळ. बंदूक टेकवायला जोंधळ्याचं अर्धं भरलेलं पोतं, त्यावर तळहात, तळहातावर बंदूक. स्प्रिंगची बंदूक आवळून धरायची नसते. घोडा दाबला की ती आधी मागं येते, मग पुढं उसळते. तिला दर वेळी सारखंच उसळू द्यायचं. जात बदलली की पहिले दहा-पंधरा छरे मोजायचे नाहीत, नळीला नव्या छऱ्याची सवय व्हावी लागते. मग पाच मारायचे आणि पाच भोकांचा घोळका किती मोठा झाला ते बघायचं. घोळका गोलाच्या बाहेर पडला तरी हरकत नाही; माशी फिरवून तो मधे आणता येतो. पसरलेला घोळका मात्र कशानंच गोळा होत नाही. नळीत तेल जास्त झालं असलं तर धूर येतो, फटाक्यासारखा आवाज होतो आणि छरा भलतीकडं जातो. तो मोजणीत धरू नये.

टोकदारांचा घोळका कपबशीएवढा झाला. गोल डोक्याचे रुपयात बसले. चपटे तर अठ्ठाण्याच्या नाण्याखाली झाकले, आणि भोकं अशी स्वच्छ कापलेली की तिकीट कलेक्टरनं पाडावीत. पण हीच परीक्षा चाळीस हातांवरून घेतली तेव्हा चपटे फाकले, गोल डोक्याचे तसेच एकत्र राहिले. घरातल्या कामाला चपटे, रानातल्या बांधाला गोल, असं ठरलं. सोनार ओळखीचा होता. त्याच्या काट्यावर एका डब्यातले छरे घातले तर बहुतेक अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, पण काही चांगलेच हलके भरले. सोनार म्हणाला, "अहो, सोनं एवढं निवडत न्हाईत लोक!" हलके छरे मी पोराला डबे पाडायला दिले.

मग रात्रीचं काम. बॅटरीच्या काचेला तांबडा कागद, म्हणजे घूस फारशी बिचकत नाही. पंधरा-सोळा हातांच्या पुढं मारायचं नाही. डोळा आणि कान यांच्या मधे, दुसरीकडं कुठंही नाही. मागं मातीची भिंत पाहिजे; दगडी फरशीवरून छरा उलटा येतो आणि माणसाचा डोळा घेतो. घूस हलत असली तर थांबायचं. दाणा दाताखाली धरून ती क्षणभर स्थिर होते, तेवढीच वेळ. कितीतरी रात्री मी बंदूक न उडवताच झोपलो. आई विचारायची, "का रं, दिसली न्हाई का?" मी म्हणायचो, "दिसली. बसली न्हाई." त्या हंगामात नऊ घुशी मारल्या. एकही भिंतीत जाऊन मेली नाही. आबांनी तोंडानं काही म्हटलं नाही, पण वैशाखात स्वतः सोलापूरला गेले तेव्हा न सांगता चपट्या छऱ्यांचा डबा घेऊन आले.

गावातली पोरं यायची. "दादा, ओढ्याला ससा हाय, तितरं हायती." त्यांना मी पेटीसमोर बसवायचो. पाचही छरे रुपयात आण, मग बोलू. आणलेच कुणी, तर सांगायचो की १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ससा, तितर, मोर, राघू यांना हात लावणं गुन्हा आहे. आपलं भांडण पोत्याखालच्या घुशीशी. दोघंतिघं रागावले, पण बाकीच्यांना कागदाचाच नाद लागला.

आता घर सिमेंटचं आहे, जोंधळा पत्र्याच्या कोठीत राहतो. घुशी बांधावर आणि गोठ्याच्या कडेला असतात. नातू मोबाईलवर बघून छरे मागवतो, परदेशी, झळझळीत डब्यातले. मागच्या दिवाळीत त्यानं त्याच नावाचा, त्याच मापाचा दुसरा डबा आणला आणि सरळ गोठ्याकडं निघाला. मी त्याला पोत्यामागं बसवलं. पाच छरे मारले, घोळका पहिल्या डब्याच्या दुप्पट. "आजोबा, कंपनी तीच हाय की!" म्हणाला. साचा झिजतो, बदलतो, हे त्याला डब्याच्या तळाशी छापलेले दोन वेगळे आकडे दाखवून सांगितलं. तो डबा कागदासाठी ठेवला आहे. पहिल्यातले एकोणचाळीस छरे शिल्लक आहेत.