लोणेऱ्याच्या बातम्या आणि तीन घरं पलीकडची पोरगी

मंडळी, आज जरा लांबलचक लिहितोय. घरात किंवा शेजारी अकरावी-बारावी सायन्सचं पोर असेल तर शेवटपर्यंत वाचा. नसेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांना पाठवा.

वीसेक वर्षं मी माणगाव, म्हसळा, तळा या भागातून बातम्या पाठवतोय. त्यात लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या किती पाठवल्या याचा हिशेब नाही. पण परवा जुनी कात्रणं काढून बसलो तेव्हा लक्षात आलं, की बातम्या शंभर असल्या तरी प्रकार चार-पाचच. दीक्षांत सोहळा. मोठा पाहुणा आला, त्याचं भाषण. परीक्षा किंवा निकालावरून विद्यार्थ्यांचं आंदोलन. टेक्निकल फेस्टिव्हल. 14 एप्रिलचा कार्यक्रम. आमच्या भागातलं पोर त्या गेटच्या आत कसं जाईल, याची बातमी मी एकदाही केलेली नाही. एकदाही नाही. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

विद्यापीठ 1989 सालचं. तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. मोठी माणसं म्हणायची, आता आपल्या पोरांना इंजिनिअर व्हायला मुंबई-पुण्याला जायला नको. तसं वाटायला कारणही होतं. थळला आरसीएफ, नागोठण्याला पेट्रोकेमिकल, रोहा-धाटाव आणि महाडला एमआयडीसी. जिल्हा केमिकल कारखान्यांचा आणि कॉलेजही जिल्ह्यातच. लोणेऱ्यात पेट्रोकेमिकल इंजिनिअरिंगची वेगळी शाखा आहे, ती उगीच नाही. डिप्लोमासाठीही तिथंच स्वतंत्र संस्था आहे.

पुढे 2014 चा नवा कायदा आला, लोणेरे अख्ख्या महाराष्ट्राचं तंत्रशास्त्र विद्यापीठ झालं आणि मराठवाडा-विदर्भापर्यंतची इंजिनिअरिंग कॉलेजं त्याला जोडली गेली. चांगलंच झालं. लातूरचा, जळगावचा मुलगा आज गोरेगाव रोड स्टेशनला उतरून लोणेऱ्याला येतो, खोली घेऊन राहतो, शिकतो. त्याच्याबद्दल माझी तक्रार अजिबात नाही. तो सगळी माहिती काढून, कागद जमवून आलेला असतो. प्रश्न आपला आहे. हायवेवरून जाता-येता आपण ते गेट रोज बघतो.

आता मूळ गोष्ट. माझ्या घरापासून तीन घरं सोडून एक कुणबी कुटुंब राहतं. बाप मुंबईला कामाला, महिन्यातून एकदा येतो. आई शेती बघते. मोठी मुलगी हुशार. 2023 च्या गणपतीत तिचा बाप घरी आला होता, आरतीनंतर ओटीवर बसलो होतो. मला म्हणाला, "भाऊ, तुम्ही लोणेऱ्याला सारखे जाता. आमची पोरगी तिथं बसेल काय?"

मी म्हटलं, "का नाही बसणार? चौकशी करून सांगतो."

ती चौकशी मी केली नाही. विसरलो असंही नाही. आठवण होती, पण रोजच्या धावपळीत मागे पडत गेली. मुलगी तेव्हा नुकतीच बारावीत गेली होती, म्हणजे हातात आठ-नऊ महिने होते.

त्याच हिवाळ्यात मराठा आरक्षणाच्या निमित्तानं कुणबी नोंदी शोधायचं काम राज्यभर चालू होतं. न्यायमूर्ती शिंदे समिती, तहसीलमधले जुने दप्तर, मोडी वाचणारे, किती नोंदी सापडल्या त्याचे आकडे. या सगळ्याच्या बातम्या मी पाठवत होतो. तीन घरं पलीकडे एक कुणबी पोरगी जातीच्या दाखल्याशिवाय बारावीचा अभ्यास करत होती, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

मे 2024 मध्ये तिची बारावी झाली, जूनमध्ये सीईटीचा निकाल आला. पर्सेंटाइल चांगले. आई पेढे घेऊन आली. मी विचारलं, "वहिनी, कागदपत्रं झाली काय सगळी?" त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून शाळेचा दाखला, आधार आणि रेशनकार्ड काढलं. बास. एवढंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ओबीसीतून इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा तर तीन कागद लागतात. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि पुढच्या 31 मार्चपर्यंत चालणारं नॉन-क्रिमिलेअर. वैधता वेळेत आली नाही तर सरकार कधी कधी मुदत देतं, पण त्यासाठी अर्ज केल्याची पावती हवी. पावतीसाठी आधी जातीचा दाखला हवा. आणि दाखल्यासाठी पुरावा हवा, तोही 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. ओबीसीसाठी ही तारीख ठरलेली आहे.

1967 च्या आधी शाळेत गेलेला माणूस त्या घरात नव्हता. आजोबा शाळेची पायरी चढलेच नाहीत. मग शाळेचा दाखला आणायचा कुठून?

पंधरा दिवस पळापळ केली. मीही केली. एका ठिकाणी सांगितलं हा कागद चालत नाही, दुसऱ्या ठिकाणी साहेब रजेवर, तिसऱ्या ठिकाणी सर्व्हर बंद. फॉर्मची मुदत संपायला आली तेव्हा मुलीनं खुल्या वर्गातून फॉर्म भरला. लोणेऱ्यात नंबर लागला नाही. ओबीसीच्या यादीत शेवटी ज्यांना तिथं सीट मिळाली, त्यांच्यापेक्षा तिचे पर्सेंटाइल जास्त होते. हे मी स्वतः कटऑफची पीडीएफ उघडून पाहिलं. पाहायला नको होतं असं वाटलं.

आणि त्याच जुलै महिन्यात सरकारचा निर्णय आला. आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. आधी ती निम्मी होती. मी बातमी दिली, 'मुलींना इंजिनिअरिंगचं शिक्षण मोफत'. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आई तो पेपर घेऊन आली. "भाऊ, हे आपल्याला आहे काय?" म्हणाली.

मी काय उत्तर दिलं ते इथं लिहीत नाही.

मुलगी बी.एस्सी.ला गेली. शिकतेय, चांगले मार्क आहेत. तिनं मला कधी एका शब्दानं बोललं नाही. एकदाच म्हणाली, "काका, माझं राहू दे. धाकट्याचं आत्तापासून बघा."

मग बघितलं. तिच्या बापाला घेऊन तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये चार खेपा झाल्या. गाव नमुना 14 असतो, म्हणजे जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही. आपल्याकडे कोतवाल बुक म्हणतात. चौथ्या खेपेला एका मोडीतल्या पानावर आजोबांच्या जन्माची नोंद मिळाली. साल 1941. बापाचं नाव, गाव आणि पुढे जात, कुणबी. मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घेतलं, नक्कल काढली, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र केलं. दाखला झाला, मग वैधता झाली. धाकट्याची झाली आणि तिचीही झाली. तिचं प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा ती दुसऱ्या वर्षाला होती. ते तिनं नीट लॅमिनेट करून ठेवलंय.

पान 1941 पासून त्याच कपाटात होतं. पोरीच्या बारावीच्या वेळीही तिथंच होतं. कुणीतरी एक वर्ष आधी जाऊन शोधायला हवं होतं, एवढंच.

लोणेऱ्यापासून महाड वीस-पंचवीस किलोमीटर. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते तळं तिथलं. तळं सार्वजनिक आहे हे कागदावर आधीच ठरलेलं होतं. मुंबई कौन्सिलचा ठराव होता, महाड नगरपालिकेचाही होता. तरी लोकांना तिथपर्यंत चालत जावं लागलं. त्या संघर्षाशी माझ्या शेजारच्या गोष्टीची तुलना नाही, करणारही नाही. पण त्या माणसाचं नाव ज्या गेटवर आहे त्याच्या आसपासच्या गावांत हक्क कागदावर असूनही पोरं बाहेर राहत असतील, तर आपण सगळ्यांनी, पहिल्यांदा मी, विचार करायला हवा.

म्हणून कामाचं सांगतो.

एक, वैधतेचा अर्ज अकरावीतच करा. ज्युनिअर कॉलेजमार्फत होतो. बारावीचा निकाल लागायची वाट बघू नका. घरात वडिलांची, काकांची किंवा सख्ख्या भावंडाची वैधता झालेली असेल तर काम खूप सोपं होतं. आधी ते विचारा.

दोन, आजोबा शाळेत गेले नसतील तर घाबरू नका. नमुना 14 शोधा. जुने सातबारा, खरेदीखतं, फेरफार बघा. माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडा.

तीन, सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही. एकही प्रश्न सोडायचा नाही. गणिताला 100 मार्क, फिजिक्स-केमिस्ट्रीला 50-50. साधारण 80 टक्के प्रश्न बारावीवर आणि 20 टक्के अकरावीवर असतात. "अकरावी म्हणजे आराम" हे डोक्यातून काढा.

चार, मुलगा असेल, खुल्या वर्गातला असेल, तरी आठ लाखांच्या आत उत्पन्न असल्यास राजर्षी शाहू योजनेत निम्मी शिक्षण फी मिळते. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा. महाडीबीटीचा फॉर्म तारीख संपायच्या दिवशी भरायला जाऊ नका.

पाच, दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जाता येतं. बारावी सायन्सचे क्लास परवडत नसतील तर हा रस्ता धरा. कमीपणा काही नाही.

लोणेऱ्यात शिकणाऱ्या मुलामुलींना एक विनंती. तुम्ही कुठल्याही जिल्ह्यातले असा, एखाद्या शनिवारी तळा, म्हसळा, श्रीवर्धनच्या ज्युनिअर कॉलेजात जा. तास-दीड तास बोला. फॉर्म कसा भरला, कुठं अडलात, एवढंच सांगा. प्राचार्यांशी बोलायचं काम मी करतो. विद्यापीठातल्या प्राध्यापक मंडळींनीही मनावर घेतलं तर सोन्याहून पिवळं.

आणि माझ्यापुरतं. येत्या रविवारपासून दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी माझ्या ओटीवर बसणार आहे. कागद घेऊन या. मी काही वकील नाही, एजंट तर नाहीच नाही. पैसे लागणार नाहीत. कुठला कागद कुठं मिळतो आणि कुठल्या टेबलावर अडतो हे मला आता कळलंय, तेवढं सांगेन. मोडी वाचणारे एक गुरुजीही येतो म्हणालेत.

धाकटा यंदा बारावीला आहे. फाईल तयार आहे, बहिणीनंच लावून दिलीय. अभ्यास मात्र त्याचा त्यालाच करायचाय. परवा क्रिकेट खेळताना दिसला, तेव्हा तिच्याआधी मीच ओरडलो.

पोस्टमध्ये काही चुकलं असेल तर खाली सांगा, दुरुस्त करतो. आणि पुढं पाठवा. ही बातमी मी 2023 च्या गणपतीत द्यायला हवी होती.