गडावर राम, पायथ्याशी शांतिनाथ

नागपूरच्या दक्षिणेकडील बेसा येथून एक जैन कुटुंब त्रिपुरी पौर्णिमेस रामटेकला निघते, तेव्हा पहिला पेच क्रमाचा असतो. सून रामभक्तांच्या घरातली; तिला लहानपणी पाहिलेला त्रिपुर मुलांना दाखवायचा असतो. सासूबाईंचा नियम जिनदर्शनाशिवाय अन्न न घेण्याचा. गर्दी गडाकडे ओढते. गाडी आधी शांतिनाथ मंदिराकडे वळते.

हा पेच जुनाच. नागपूरकर भोसले रामदर्शनास आले असता त्यांच्या जैन दिवाणाने जिनदर्शनावाचून भोजन नाकारले. राजाने शोध घ्यायला लावला आणि झाडीत शांतिनाथांची मूर्ती सापडली, अशी कथा येथे सांगतात. इतिहास काहीही असो, सेवकाच्या व्रतासाठी राजा थांबला, हे लोकांनी जपून ठेवले आहे. आचार्यश्री विद्यासागरजींच्या येथील चातुर्मासांची आठवणही निघतेच.

गडावर माकडांचा उपद्रव फार. हातातली पिशवी दिसली की गेलीच! भव्य वराहमूर्तीच्या पोटाखालून मुले हौसेने सरपटतात. वाकाटककालीन नृसिंह मंदिरापाशी मात्र रांगेतले फारसे कोणी थांबत नाही. पुढे आधी लक्ष्मण, मग राम. रेटारेटीतही वृद्धेला पाहून तरुण आपणहून वाट देतात. सासूबाई हात जोडतात, सुनेच्या खांद्यावर भार टाकून.

त्रिपुर रात्री उशिरा उजळतो. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी शिदोरी अंबाळा तलावाच्या काठी वेळेतच सोडावी. रात्री खाली उतरताना पायऱ्यांवर गर्दी दाटते, म्हणून बॅटरीही सोबत असावी.